आईचं क्रिएटिनिन १.१, मुलाचंही १.१, मग लघवीची तपासणी आईलाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६४, मधुमेह बारा वर्षांपासून. ताज्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटी साखर १४८, जेवणानंतरची २३२, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.६, क्रिएटिनिन १.१ आणि हिमोग्लोबिन ९.६. रक्त कमी म्हणून दोन महिन्यांपासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सहा महिन्यांपूर्वी एचबीए१सी ७.९ होतं. तुमचं वय २८. सोबत गेलात म्हणून स्वतःचंही क्रिएटिनिन करून घेतलंत, तेही १.१ आलं. त्यावरून तुम्ही दोन निष्कर्ष काढलेत: आईची तीन महिन्यांची साखर सुधारली आहे आणि तिची किडनी माझ्याइतकीच ठणठणीत आहे. मग डॉक्टर लघवीतलं अल्ब्युमिन आणि आणखी रक्त तपासायला का सांगताहेत?

कारण तुमचे दोन्ही निष्कर्ष बहुतेक चुकीचे आहेत. यात तुमचा दोष नाही. रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' वाचून कोणीही हेच म्हणेल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पंचवीसहून जास्त वर्षं अशा रिपोर्टांवर सह्या करतोय, आणि या दोन आकड्यांनी निर्धास्त झालेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

आधी क्रिएटिनिन. हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा पदार्थ. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकतं. रक्तात तो किती साठला यावरून गाळणी किती चालते याचा अंदाज बांधायचा. मेख अशी की साठा दोन गोष्टींवर ठरतो: बाहेर किती जातो आणि मुळात तयार किती होतो. तुमचे स्नायू २८ वर्षांच्या पुरुषाचे. तुमच्या शरीरात रोज भरपूर क्रिएटिनिन तयार होतं आणि निरोगी मूत्रपिंड ते काढून टाकून १.१ वर आणून ठेवतं. आईंच्या अंगात स्नायू कमी, म्हणजे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. तरीही ते १.१ पर्यंत साठलंय, याचा अर्थ गाळणी मंदावली आहे.

हे सूत्रात घालून बघू. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतं त्याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. सध्या चालणारं सूत्र २०२१ सालचं सीकेडी-ईपीआय. त्यात तुमचा १.१ घातला तर ईजीएफआर येतो साधारण ९४. आईंचा तोच १.१ घातला तर येतो ५६. नव्वदच्या वर म्हणजे उत्तम, ६० च्या खाली आणि तीन महिने तसाच राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार धरला जातो. एकच आकडा, दोघांची स्थिती वेगळी. म्हणून आता बऱ्याच लॅब क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर आपणहून छापतात. तुमच्या रिपोर्टवर नसेल तर मागून घ्या, वेगळं रक्त द्यावं लागत नाही.

लगेच घाबरू मात्र नका. तीन महिन्यांची अट उगाच नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, आदल्या रात्री भरपूर मांसाहार झाला असेल, जोरकस व्यायाम झाला असेल तर क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं वर जातं. ट्रायमेथोप्रिम हे लघवीच्या जंतुसंसर्गावरचं औषध गाळणीला धक्का न लावताही आकडा वाढवतं. पद्धतीचाही थोडा गुण असतो. क्रिएटिनिन मोजायची जुनी रीत माक्स याफे यांनी १८८६ साली दाखवलेल्या रंगक्रियेवर उभी आहे आणि ती आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. तो नारिंगी रंग क्रिएटिनिनबरोबर किटोन आणि खूप वाढलेली साखरही थोडाफार आणते. एन्झाइमची पद्धत जास्त नेमकी. त्यामुळे एका लॅबचा १.० आणि दुसऱ्या लॅबचा १.१ यांत फरक शोधत बसू नये. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करावं आणि दोन-तीन वर्षांचे आकडे ओळीने मांडून कल बघावा.

क्रिएटिनिनचा खरा दोष मात्र वेगळा आहे. तो उशिरा बोलतो. मूत्रपिंडाची साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत तो छापील मर्यादेत राहू शकतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. काही निकामी झाल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात आणि हिशेब जुळवून नेतात. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात तर गाळणी उलट नेहमीपेक्षा जोरात चालते, ईजीएफआर छान दिसतो आणि आत झीज सुरू झालेली असते.

म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांपैकी हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. रक्त द्यायला माणूस हात पुढे करतो, लघवीची बाटली मात्र 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवून देतो. माझ्या मते मधुमेह्याच्या वर्षभराच्या सगळ्या तपासण्यांत या एका तपासणीइतकं लवकर आणि इतकं उपयोगाचं दुसरं काही कळत नाही.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. निरोगी गाळणीतून ते जवळजवळ निसटत नाही. साखरेने आणि रक्तदाबाने गाळणीची भिंत खराब व्हायला लागली की थोडं थोडं पाझरू लागतं, क्रिएटिनिन हलण्याच्या कित्येक वर्षं आधी. हे पाझरणं लघवीतल्या क्रिएटिनिनशी भागून सांगतात, त्याला एसीआर म्हणतात. क्रिएटिनिनच्या प्रत्येक ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे मध्यम गळती, ३०० च्या वर गेलं तर गंभीर.

भागायचं कशाला, असं मला नेहमी विचारतात. समजा सकाळच्या दाट लघवीत लिटरमागे ४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे आणि क्रिएटिनिन अर्धा ग्रॅम. भागाकार ८०. त्याच माणसाने भरपूर पाणी पिऊन दुपारी नमुना दिला आणि लघवी चौपट पातळ झाली, तर अल्ब्युमिन १० वर येईल. नुसता तो आकडा बघितला तर वाटेल काहीच नाही. पण क्रिएटिनिनही चौपट पातळ झालेलं असतं, भागाकार पुन्हा ८०. म्हणून रिपोर्टवर फक्त 'लघवीतलं अल्ब्युमिन' छापलं असेल आणि भागाकार नसेल तर ती तपासणी अर्धीच झाली. दुसरं, एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात, तिथे सीमा ३ ची असते, ३० ची नाही. एका गृहस्थांचा आकडा ९ होता. 'तीसच्या खाली आहे' म्हणून ते दोन वर्षं निवांत होते. एकक मिलिमोलचं होतं. म्हणजे गळती ओळखीच्या एककात ८० च्या आसपास होती.

'पण साध्या लघवीच्या तपासणीत प्रथिन निल आलंय' हा पुढचा प्रश्न असतो. ती रंग बदलणारी पट्टी ढोबळ असते. तिला दिसेपर्यंत गळती बरीच पुढे गेलेली असते, आणि लघवी पातळ असेल तर तेवढीही दिसत नाही. पट्टीवर 'निल' आणि एसीआर १५० असे रिपोर्ट मी एकाच माणसाच्या नावावर एकाच दिवशी सही केले आहेत.

या तपासणीलाही खोड आहे. ती चंचल आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, चोवीस तासांतला दमवणारा व्यायाम, मासिक पाळी, खूप चढलेला रक्तदाब किंवा साखर, यांतलं काहीही तिला तात्पुरतं वर नेतं. त्यामुळे एकदा ३० च्या वर आलं म्हणून शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने द्यायचे, त्यांतले दोन वर आले तर गळती खरी. एकदा ६० आणि पुढे ४८ आलं तर सुधारणा झाली म्हणून आनंदून जाऊ नका, एवढा चढउतार तिच्या स्वभावातच आहे.

हे लवकर कळून करायचं काय? तर करण्यासारखं पुष्कळ आहे. गळती दिसली की रक्तदाबाच्या औषधांपैकी एसीई किंवा एआरबी गटातलं औषध निवडण्याला अर्थ येतो, कारण ती गाळणीच्या आतला दाब उतरवतात. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्यांबद्दल तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या क्रेडेन्स चाचणीत दिसलं की आधीच बरीच गळती असलेल्या मधुमेह्यांत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी घटला. ही औषधं सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात. ती बघून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणारे रुग्ण मी बघितलेत, आणि ते पाहून वाईट वाटतं. शिवाय एसजीएलटी-२ गोळी चालू असताना लघवीत साखर भरपूर येणारच. तो औषधाचा परिणाम आहे, साखर बिघडल्याची खूण नाही.

आता दुसरा निष्कर्ष, एचबीए१सी ७.९ वरून ६.६. मला इथे आनंद होण्याऐवजी शंका आली, ती तुमच्याच रिपोर्टातल्या बाकीच्या आकड्यांमुळे.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखरेच्या पाकात भिजत असतात. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते एचबीए१सी सांगतं. मधुमेह्यांच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन सॅम्युएल रहबर यांनी तेहरानमध्ये हेरलं आणि १९६८ साली ते प्रसिद्ध केलं. या तपासणीला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात, पण ती सरळ सरासरी नाही. जवळपास निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. तिचं नेहमीच्या साखरेत रूपांतर करायचं सोपं सूत्र आहे: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ६.६ चं उत्तर येतं १४३.

आता बघा. आईंची उपाशीपोटी साखर, म्हणजे सहसा दिवसातली कमी असणारी साखर, १४८ आहे. जेवणानंतर २३२. मग चोवीस तासांची सरासरी १४३ कशी असेल? एक दिवस अपवादाचा असू शकतो, पण असा विजोड दिसला की मी आधी हिमोग्लोबिनची ओळ बघतो. ते ९.६ आहे आणि लोह सुरू होऊन दोन महिने झालेत, इथे गाठ सुटते. लोहाची कमतरता असते तेव्हा जुन्या पेशी जास्त काळ रेंगाळतात आणि एचबीए१सी फुगतं. म्हणजे आधीचं ७.९ खऱ्यापेक्षा थोडं जास्त असू शकतं. लोह मिळालं की नव्या कोवळ्या पेशींची भरती होते, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आणि आकडा खाली येतो. घसरणीत साखरेचा वाटा किती आणि नव्या पेशींचा किती, हे एचबीए१सी सांगू शकत नाही. रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल, तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, डायलिसिसवर हिमोग्लोबिन वाढवणारी इंजेक्शनं चालू असतील, तरी हा आकडा असाच खोटा कमी येतो. जन्मजात हिमोग्लोबिनचा प्रकारच वेगळा असेल तर मोजण्याच्या पद्धतीनुसार तो कुठल्याही दिशेला चुकतो.

अशा वेळी घरच्या ग्लुकोमीटरवर दोन आठवडे वेगवेगळ्या वेळांचे आकडे लिहून काढणं सगळ्यात कामाचं. ग्लुकोमीटर अगदी काटेकोर नसतो, मान्य. १०० च्या वरच्या साखरेला पंधरा टक्क्यांचा फरक त्याच्या मानकातच माफ आहे. पण चौदा दिवसांचे पन्नास आकडे मिळून एका एचबीए१सीपेक्षा खरं सांगतात. बोट धुऊन कोरडं करा, एवढं पथ्य. लॅबमधून फ्रुक्टोसामीन करता येतं. ते हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतं आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र देतं. मात्र लघवीवाटे प्रथिन फार जात असेल तर तेही फसवतं. नवं एचबीए१सी लोहाचा कोर्स संपून हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर तीन महिन्यांनी करा, त्याआधी केलेल्यावर औषधं कमी-जास्त करू नयेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. ६४ व्या वर्षी स्त्रीला लोहाची कमतरता झाली तर पाळीचं कारण उरत नाही. रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं, विशेषतः पोट आणि आतडं. नुसत्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं म्हणून विषय मिटत नाही. किडनीमुळे रक्त कमी होतं हे खरं, पण ईजीएफआर ५६ असताना हिमोग्लोबिन ९.६ पर्यंत उतरलं तर ते किडनीच्या माथी मारायला मी कचरेन.

साखरेच्या दोन तपासण्यांबद्दल लॅबच्या आतली गोष्ट. नळीतलं रक्त तसंच उभं राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं ते यासाठीच, आणि त्यालाही पूर्ण लागू व्हायला तास-दोन तास जातात. घरी येऊन रक्त नेतात तेव्हा नमुना लॅबला कधी पोचतो हे विचारायला लाजू नका. जेवणानंतरची साखर म्हणजे पहिल्या घासापासून दोन तास, हात धुतल्यापासून नव्हे. आणि नेहमीची गोळी घेऊनच ती तपासायची. 'तपासणी आहे म्हणून गोळी घेतली नाही' म्हणणारे आणि 'तपासणी आहे म्हणून दोन दिवस पथ्य पाळलं' म्हणणारे, दोघेही डॉक्टरांच्या हाती भलताच कागद ठेवतात.

युरिया, म्हणजे प्रथिनांच्या वापरातून उरणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, यावर मी फारसा वेळ घालवत नाही. पाणी कमी पडलं, प्रथिन जास्त खाल्लं, पोटात रक्तस्राव झाला, स्टेरॉइड चालू असलं की तो वाढतो. एवढंच लक्षात ठेवा की काही लॅब युरिया देतात आणि काही बीयूएन, म्हणजे त्यातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. एका लॅबचा १५ आणि दुसऱ्या लॅबचा ३२ बघून 'दुप्पट झालं' म्हणत धावत आलेले लोक मी परत पाठवलेत. सोनोग्राफीत मूत्रपिंडं नेहमीच्या आकाराची दिसली म्हणूनही निश्चिंत होऊ नका, मधुमेहात ती बराच काळ आकार टिकवून धरतात.

पोटॅशियमचं तसं नाही, ते गंभीरपणे घ्यायचं. एसीई-एआरबी गटाचं औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिनबरोबर ते करायचंच. मात्र रक्त ओढताना पेशी फुटल्या किंवा रुग्णाने मूठ वारंवार आवळली तरी ते खोटं वाढतं. एकदा रात्री आमच्याकडे ६.८ आलं. नळीतला द्रव लालसर होता, म्हणजे पेशी फुटलेल्या. ताबडतोब दुसरा नमुना घेतला, ४.६ निघालं. असा आकडा आला की लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि त्याच वेळी पुन्हा तपासायचं, सकाळची वाट बघायची नाही.

किती वेळा करायचं? टाइप २ मध्ये ईजीएफआर आणि एसीआर निदान झालं त्या दिवशीच आणि मग दरवर्षी, कारण आजार नक्की कधी सुरू झाला ते कोणालाच माहीत नसतं. टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. बिघाड दिसला तर वर्षातून दोन ते चारदा. एचबीए१सी औषध बदलल्यावर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर सहा महिन्यांनी पुरतं. दर महिन्याला करणं वायफळ. आई मेटफॉर्मिन घेत असतील तर दोन कामं आणखी: बरीच वर्षं झाली असल्यास बी१२ तपासा, आणि ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. ३० च्या खाली ते औषध चालत नाही.

पुढच्या टप्प्याची एक खूण आत्ताच माहीत असू द्या. मूत्रपिंड बरंच खालावलं की शरीरातलं इन्सुलिन हळू निचरतं, औषधं अंगात रेंगाळतात आणि साखर आपोआप उतरू लागते. घरचे म्हणतात, 'गोळ्या कमी झाल्या, डायबेटिस बरा होत आला.' जुन्या मधुमेह्याची साखर विनाकारण खाली यायला लागली, घाम फुटून हात थरथरू लागले, तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन करा.

आईंसाठी मी हा क्रम ठेवीन. येत्या आठवड्यात सकाळच्या पहिल्या लघवीवर एसीआर, ताप किंवा जळजळ नसताना. त्याच दिवशी रक्तदाब मोजून रिपोर्टवर लिहून घ्या. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा, ईजीएफआरसह. आदल्या दिवशी मांसाहार नको, पाणी नेहमीसारखं. तीन महिन्यांनी हेच सगळं परत. ईजीएफआर ५६ च्या आसपासच राहिला आणि आई फार कृश असतील, किंवा आकडा पटत नसेल, तर सिस्टॅटिन सी, म्हणजे गाळणीचा अंदाज देणाऱ्या रक्तातल्या दुसऱ्या एका पदार्थाची तपासणी, करून घ्या. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, पण थायरॉइडचा बिघाड किंवा स्टेरॉइड असेल तर आधी सांगा. या तीन महिन्यांत गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी याच सुमारास उरका, कारण लघवीत गळती असून पडदा स्वच्छ निघाला, किंवा लघवीत रक्तपेशी दिसल्या, किंवा क्रिएटिनिन काही आठवड्यांत झपाट्याने चढलं, तर कारण मधुमेहाखेरीज दुसरं असू शकतं. तेव्हा थेट मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना मागच्या तीन-चार वर्षांचे सगळे क्रिएटिनिन एका कागदावर तारखेसह लिहून न्या.